दिल्लीच्या पुढची वाट



सेवेचा अभंग आपण म्हटला. टाळकऱ्यांनी, विणेकरीबुवांनी, मृदंगाचार्यांनी चांगली साथ केली. आता घटकाभर विचार करू. आजचा विचार एका शब्दाचा आहे. शब्द साधाच आहे, तुमच्या-माझ्या रोजच्या तोंडातला. तो शब्द म्हणजे वाट.

आपण वारकरी. आपलं सगळं आयुष्यच वाटेवरचं. पण वारी म्हणजे नुसतं जाणं नव्हे, बरं का. वारी म्हणजे जाणं, येणं आणि पुन्हा जाणं. एकदाच जातो तो प्रवासी. पुन्हा पुन्हा जातो तो वारकरी. आणि माणूस पुन्हा पुन्हा कुठं जातो? जिथं आपलं कोणीतरी वाट बघत उभं आहे तिथं. म्हणून तर संतांनी पंढरीला तीर्थ म्हणून भागवलं नाही, माहेर म्हटलं. तीर्थात पाणी असतं, देऊळ असतं. माहेरात माणूस असतं. फरक लक्षात घ्या.

आता मला एक सांगा. देवाच्या माहेराची वाट आपल्याला तोंडपाठ आहे. कोणत्या गावाला मुक्काम, कोणत्या ओढ्याला पाणी, सगळं डोळे मिटून सांगाल. पण आपल्या रक्ताच्या माणसाच्या दाराची वाट? ती कितीजणांच्या पायाखाली आहे? मान खाली घालू नका. ऐका फक्त.

पहिल्यांदा पुंडलिकरायांची गोष्ट घेऊ. तुम्ही ती शंभरदा ऐकली आहे. आज एकशे एकावी वेळ. फक्त आज ती प्रवासाची गोष्ट म्हणून ऐका.

पुंडलिक बायकोला घेऊन काशीला निघाला. नवरा-बायकोचा प्रवास. आजच्या भाषेत म्हणायचं तर दोघं फिरायला निघाले. त्यात वाईट काय? काहीच नाही. बायकोला घेऊन तीर्थयात्रेला जाणं ही चांगलीच गोष्ट. मग चुकलं कुठं? चुकलं बसण्यात. बायको घोड्यावर, आणि म्हातारे आई-बाप पायी. कथा सांगणारे आपापल्या परीनं रंगवतात, पण सार एवढंच. घोडं एकच होतं आणि त्यावर कोणी बसायचं, ते पुंडलिकानं ठरवलं. मुक्कामावर पोचल्यावर घोड्याला खरारा करायचा कोणी? त्याच आई-बापांनी.

आणि बाबांनो, निघाले होते कुठं? काशीला. पुण्य करायला! एवढं पुण्य करायला निघालेला माणूस, आणि घरच्या दोन म्हाताऱ्या जिवांच्या पायाचे फोड त्याला दिसत नाहीत.

वाटेत कुक्कुटस्वामींचा आश्रम लागला. रात्री पुंडलिकाला झोप लागेना. पहाटे बघतो तर मळक्या कपड्यांच्या बायका आश्रमात आल्या. त्यांनी झाडलोट केली, सडा घातला, पाणी भरलं आणि जाताना लख्ख होऊन गेल्या. त्यानं पाय धरून विचारलं, तुम्ही कोण? त्या म्हणाल्या, आम्ही गंगा, यमुना, सरस्वती. तुझ्यासारख्यांची पापं धुऊन आम्ही मळतो. आणि हा ऋषी आई-बापांची सेवा करतो, म्हणून त्याच्या अंगणात आम्ही स्वच्छ होतो.

बघा कशी उलटी गोष्ट झाली. ज्या गंगेला भेटायला हा निघाला, ती गंगाच त्याला म्हणाली, मी तर आई-बापांच्या अंगणात येते. मग काशीला जाऊन करतोस काय? पुंडलिक मागं फिरला. आई-बापांची सेवा करायला लागला. आणि त्या सेवेमुळं काय झालं, हे मी पंढरीच्या वाळवंटात येणाऱ्या माणसांना सांगायला नको. काशीला निघालेल्या माणसामुळं पंढरी झाली. बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!

दुसरी गोष्ट रखुमाई आईची. रखुमाई रुसली. राधा देवाशेजारी बसलेली दिसली, एवढं निमित्त. द्वारका सोडली आणि थेट दिंडीरवनात येऊन बसली. आता द्वारका कुठं, दिंडीरवन कुठं! आजच्या डांबरी रस्त्यानं मोजलंत तरी हजार किलोमीटरच्या वर भरेल. आणि देवानं काय केलं? निरोप पाठवला का, की राग गेला की ये म्हणावं? नाही. कोणाचं चुकलं याचा हिशेब मांडत बसला का? नाही. देव स्वतः उठला आणि शोधत निघाला.

अहो, ज्याच्या इच्छेवर ब्रह्मांड चालतं तो रुसलेल्या माणसासाठी एवढी वाट चालून येतो. आणि आपण? आपण म्हणतो, “पहिला फोन त्यानं करावा. मी मोठा आहे.” देवापेक्षा मोठा आहेस का रे बाबा?

या दोन्ही गोष्टी पुराणातल्या झाल्या. आता एक आजची सांगतो. ज्या माउलीची ही गोष्ट आहे, तिनंच ती वारीत चालता चालता सांगितली. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही त्यांच्या दारात जाऊन उभे राहाल.

माणदेशातलं जोडपं. आटपाडीकडचं. दोघंही माळकरी, चार वाऱ्या न चुकवणारे. तो भाग तुम्हाला ठाऊक आहे. पाऊस कमी, कोरडवाहू जमीन. पूर्वी पोटासाठी माणसं बाहेर पडली, आणि आटपाडी, खानापूर, विट्याकडची पोरं गलाईच्या धंद्यात गेली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. आज भारतातल्या कितीतरी सराफी पेठांत एखाद्या गल्लीत भट्टी लावून बसलेला माणूस आपल्या सांगली जिल्ह्याकडचा निघतो. तमिळनाडूत जा, उत्तर प्रदेशात जा, पंजाबात जा. तो तिथल्या माणसांशी तिथल्या भाषेत बोलतो, आणि रात्री दुकानाचं शटर ओढलं की गावच्या जत्रेची वर्गणी मोजतो.

या जोडप्याचा मुलगा असाच सोळाव्या वर्षी पंजाबात गेला. अमृतसरला एका गलाईवाल्याकडं हाताखाली राहिला, शिकला, पुढं स्वतःची भट्टी टाकली. आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. पंजाबी मुलगी, शीख घरातली.

बाप भडकला. जात दुसरी, भाषा दुसरी, धर्म दुसरा. गावात काय तोंड दाखवू? फोनवर म्हणाला, “आजपासनं तुजी वाट बंद. माज्या दारात यायचं न्हाई आन् म्या तुज्या दारात येणार न्हाई.” फोन ठेवला. नऊ वर्षं झाली त्याला. नऊ वर्षांत छत्तीस वाऱ्या झाल्या, माउली. छत्तीस वेळा पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवलं आणि एकदाही मुलाला फोन लावला नाही.

आणि आता ऐका गंमत. गंमत म्हणावी की दुःख म्हणावं, तुम्हीच ठरवा. हा बाप धंद्यानं ट्रकवाला. माणदेशातली डाळिंबं भरायची आणि दिल्लीला आझादपूरच्या मंडीत न्यायची. आयुष्य त्यात गेलं. त्या नऊ वर्षांतही दिल्लीच्या चाळीस तरी खेपा झाल्या. दिल्लीपासून अमृतसर किती? साडेचारशे किलोमीटर. दीड हजार किलोमीटर चाळीस वेळा जाणारा माणूस पुढचे साडेचारशे किलोमीटर एकदाही गेला नाही. मंडीत माल उतरवायचा, पट्टी घ्यायची, गाडी वळवायची.

पुढं वय झालं. ट्रक विकला. घरच्या डाळिंबापुरता एक पिकअप ठेवला. मग एका कार्तिकीला दोघं त्याच पिकअपनं पंढरपूरला आली. एकादशी झाली. द्वादशीचं पारणं सुटलं. बाप गाडी गावाकडं वळवायला लागला, तर ही माउली म्हणाली, “आवं, तिकडं न्हाई. पुढं चला.”

“पुढं कुठं?”

“घुमानला. काल नामदेवरायांची जयंती झाली. त्यांचं पंजाबातलं घर बघायचंय मला.”

बाप गप्प. त्याला कळलं. मग त्याच्या ध्यानात आलं की निघताना मागं ज्वारीच्या पिठाचं पोतं ठेवलं होतं, आणि “एवढं कशाला” विचारल्यावर “दिंडीला” असं उत्तर मिळालं होतं. दिंडीत पोतं उघडलंच नव्हतं! डाळिंबाचे दोन क्रेट तसेच. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तसाच.

तो म्हणाला, “घुमानला नेतो. दर्शन घ्यायचं आन् तितनंच माघारी. अमृतसरला जायाचं न्हाई.” ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं फक्त एक अट घातली. रात्रीची गाडी चालवायची नाही.

निघाले. आता सगळा जन्म एका घरात काढला, पण ही बाई त्याच्या शेजारी बसून कधी लांबच्या रस्त्याला गेली नव्हती. टेंभुर्णी, करमाळा, नगर, शिर्डी, मनमाड, मालेगाव. पहिला मुक्काम धुळ्याच्या अलीकडं. दुसऱ्या दिवशी तापी ओलांडली, सातपुड्याचा घाट चढला, सेंधवा गेलं, खलघाटला नर्मदामाई आली. तिथून इंदूर, पुढं गुणा. तोच जुना मुंबई-आग्रा रस्ता. प्रत्येक नदी आली की ती म्हणायची, “गाडी जरा हळू घ्या.” खिडकीतून एक नाणं टाकायची आणि हात जोडून काहीतरी पुटपुटायची. तो विचारायचा, “काय म्हणतीस?” ती म्हणायची, “नदीचं आन् माजं हाय ते.”

आणि या वाटेवर तिला नवरा कळला, बरं का. नर्मदेच्या पुलाजवळ तो म्हणाला, “हितं म्या आंघोळ करायचो. थंडीत लई गार लागायचं.” पुढं एका ढाब्यावर म्हणाला, “हितं केबिनमधी झोपायचो. झोप कसली, डिझेल चोरतील म्हणून एक डोळा उघडा.” ती ऐकत राहिली. मला म्हणाली, “महाराज, तीस वर्सं ह्यो माणूस घरी आला की मला वाटायचं, गावं फिरून, मजा करून आला. मी भाकरी वाढायची आन् पाण्याला किती लांब जावं लागलं त्याचं गाऱ्हाणं सांगायची. त्यो कवा बोललाच न्हाई. मी कवा इचारलंच न्हाई.”

पुरुष मंडळी, तुम्हाला विचारतो. तुम्ही ज्या रस्त्यानं आयुष्य घालवलंत, त्या रस्त्यावर घरच्या लक्ष्मीला कधी पुढच्या सीटवर बसवलंत का? आणि माय-भगिनींनो, तुम्ही ज्या चुलीपाशी आयुष्य घालवलंत, तिथं त्याला कधी बसवलंत का? संसाराची दोन चाकं म्हणतात. पण एका गाडीची दोन चाकं एकमेकांना कधी भेटत नाहीत, माउली! मधे आस असतो. तो आस म्हणजे बोलणं.

तिसऱ्या दिवशी चंबळ ओलांडली, आग्र्याला यमुना आली, आणि रात्री दिल्लीत आझादपूर मंडीत मुक्काम. ओळखीच्या आडत्याच्या गाळ्यावर जागा मिळाली. सकाळी बाप गाडीची हवा बघायला गेला. ही माउली चहाच्या टपरीपाशी उभी. चहावाला ओळखीचाच. तिला म्हणाला, “माताजी, आज आपको लेकर अमृतसर जा रहे हैं? बहुत अच्छा। हर बार मुझसे पूछते थे, अमृतसर की गाड़ी कितने बजे जाती है। मैं बताता था, पर जाते कभी नहीं थे।”

काय झालं असेल त्या आईच्या काळजाचं? नऊ वर्षं तिला वाटत होतं, या माणसाच्या छातीत दगड आहे. आणि हा माणूस प्रत्येक खेपेला गाडीची वेळ विचारत होता!

गाडीत बसल्यावर ती लगेच बोलली नाही. बायकांना कधी बोलायचं ते कळतं. दिल्ली मागं पडल्यावर विचारलं, “मंडीपातूर इतक्या खेपा केल्या. पुढं गाडी का आली न्हाई?”

बराच वेळ तो काही बोलला नाही. पानिपत आलं, तेव्हा म्हणाला, “पाय ब्रेकवरच जायाचा.”

माउली, हे वाक्य लक्षात ठेवा. गाडी चांगली, रस्ता चांगला, डिझेल भरलेलं, वेळ विचारून झालेली. पण पाय ब्रेकवर. अभिमान म्हणजे दुसरं काय असतं? अभिमान माणसाचं प्रेम मारत नाही. तो फक्त ब्रेकवर पाय ठेवतो. प्रेम आतल्या आत इंजिनासारखं घरघरत राहतं, तापतं, आणि गाडी जागची हलत नाही.

आता घुमानविषयी थोडं सांगितलं पाहिजे. घुमान पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात, बटाल्याच्या बाजूला. आपल्या नामदेवरायांचा जन्म १२७० सालचा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. पंढरी सोडायची म्हटलं की यांच्या डोळ्याला पाणी. ज्ञानोबारायांनी तीर्थयात्रेला चला म्हटलं तेव्हा देवाला सोडून यायला तयार नव्हते. शेवटी देवानंच त्यांचा हात ज्ञानोबारायांच्या हातात दिला, असं तीर्थावळीत वर्णन आहे. असा पंढरीचा वेडा माणूस पुढं पंजाबात गेला, तिथं राहिला, तिथल्या भाषेत पदं रचली. नानकदेवांचा जन्म १४६९ चा. त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट. १६०४ साली पाचवे गुरू अर्जनदेव यांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवरायांची पदं घेतली. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवरायांची ६१ पदं आहेत. तिथली माणसं म्हणतात, बाबा नामदेवांनी घुमानलाच देह ठेवला. आपण म्हणतो, देवाच्या महाद्वारात, पायरीपाशी. १३५० साल. दोन्हीकडची माणसं ‘ते आमच्याकडं आहेत’ म्हणतात, यातच सगळं आलं. २०१५ साली ८८ वं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा कितीतरी मराठी माणसं पहिल्यांदा तिथं गेली.

तर हे दोघं फिल्लौरला सतलज ओलांडून, पुढं ब्यास ओलांडून, हमरस्ता सोडून संध्याकाळी घुमानला पोचले. दिवस कोणता? कार्तिकी पौर्णिमा. आपल्याकडं त्रिपुरी पौर्णिमा, देवळात त्रिपूर लावायचे. आणि तिकडं नानकदेवांची जयंती. सगळा गुरुद्वारा दिव्यांनी उजळलेला. बापाच्या डोक्याला फेटा होता, हिनं पदर घेतला. पाय धुऊन आत गेले. आत काय चाललं होतं? कीर्तन! तेही कीर्तनच म्हणतात, बरं का. पेटी, तबला आणि गाणारे रागी.

शब्द काही कळेनात. हा बसला मान खाली घालून. आणि गाता गाता त्या रागींच्या तोंडून एक शब्द आला: ‘बीठल’. यानं मान वर केली. पुन्हा आला: ‘बीठल’. शेजारी एक म्हातारे सरदारजी बसले होते. याचं हिंदी ट्रकवाल्याचं. विचारलं, “ये विठ्ठल इधर कैसे आया?”

सरदारजी म्हणाले, “बाबा नामदेव जी लाए थे। आप कहाँ से?”

हा म्हणाला, “पंढरपूर.”

सरदारजींनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि कपाळाला लावला.

बस्स. एवढंच झालं, माउली. कोणी उपदेश केला नाही, कोणी समजूत घातली नाही. पण त्या माणसाच्या मनात काय उलथापालथ झाली असेल बघा. ज्या भाषेची, ज्या धर्माची सून नको म्हणून नऊ वर्षं दार लावलं, त्या भाषेनं, त्या माणसांनी याचा देव साडेसहाशे वर्षं सांभाळून ठेवला होता. याचा विठ्ठल त्यांच्या ओठांवर, आणि यांची लेक याच्या दाराबाहेर!

नंतर लंगरला बसले. तिथंही शब्द आपलाच, ‘पंगत’. जेवून बाहेर आले, आणि अंगणात दिव्यांच्या उजेडात तो बायकोला म्हणाला, “फोन दे.”

तिनं नंबर लावून दिला. पलीकडून मुलानं ‘आई’ म्हटलं. हा बोलेना. मग म्हणाला, “म्या हाय. घुमानला आलोय.” आणि काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, “जेवलास का?”

नऊ वर्षांनी बाप मुलाला काय विचारतो? जेवलास का. ना ‘चुकलं’ म्हणाला, ना ‘माफ केलं’ म्हणाला. आपल्या मराठी बापाला दुसरं काही येतच नाही. पण त्या दोन शब्दांत सगळं येतं, आणि पोराला ते कळतं. मुलगा म्हणाला, “दादा, तितंच थांबा. आलोच.”

दीड तासात आले. मुलगा, सून, आणि सात वर्षांचा नातू. सुनेनं वाकून पाय धरले, ‘पैरीं पैना जी’ म्हणाली. सासूनं तिला पोटाशी धरलं. नातू धावत आला आणि ‘आज्जी!’ म्हणून बिलगला. फोनवर चोरून बोलताना तिनं तेवढा एक शब्द शिकवला होता. नदीत नाणं टाकून ती काय पुटपुटत होती, ते तेव्हा बापाला कळलं. या पोराचं नाव.

मग नातू वळला आणि समोरच्या फेटेवाल्या माणसाकडं बघत उभा राहिला. पुढं येईना. लाजत नव्हता, माउली. या माणसाला काय म्हणायचं, हेच त्या पोराला कोणी शिकवलं नव्हतं. घरात त्या माणसाचा विषयच निघत नव्हता. आईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसला. एका माणसाचा राग, आणि एका लेकराच्या भाषेतून एक शब्दच नाहीसा झाला.

बाप खाली बसला. गुडघे दुखत होते तरी उकिडवा बसला, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. छातीला हात लावून म्हणाला, “आबा. म्हण. आबा.”

पोर म्हणालं, “आबा.”

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल! 

दुसऱ्या दिवशी अमृतसरला भट्टीपाशी बापानं मुलाचं काम बघितलं. जुना दागिना येतो. त्यात तांबं मिसळलेलं, डाग बसलेले. मुशीत घालतात, भट्टीत धरतात, तेजाबात टाकतात. हीण निघून जातं, सोनं उरतं. दागिन्याचा आकार जातो, पण सोनं जात नाही. गलाईवाल्याला एवढं पक्कं ठाऊक असतं. तुमचं-माझं नातंही असंच समजा. राग, मान, गावात काय म्हणतील, हे सगळं हीण. सोनं आत आहेच. पण भट्टीत जायला कोणी तयार नाही.

आता कोणी म्हणेल, महाराज, सगळ्याच वाटा मिटवता येतात का? नाही, बाबांनो. जिथं मारहाण झाली, छळ झाला, तिथं लेकीबाळींनी मुकाट्यानं परत जावं, असं मी सांगणार नाही आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका. मी बोलतोय ते ब्रेकवर ठेवलेल्या पायाविषयी. ज्याला स्वतःला ठाऊक आहे की आपण गाडीची वेळ विचारतो आणि जात नाही, त्याच्याविषयी. आणि तुम्हाला दोन हजार किलोमीटर जायचं नाही. कोणाचा भाऊ पलीकडच्या आळीत राहतो, आणि मधे हातभर बांध आहे. कोणाची बहीण पुढच्या तालुक्यात आहे, आणि वाटणीच्या कागदावर सही घेतल्यापासून तिला रक्षाबंधनाला बोलावलं नाही.

वारी सोडून तिकडं जा असंही मी म्हणत नाही. त्या जोडप्यानंही वारी सोडली नाही. कार्तिकी करून, पारणं सोडून मग निघाले. देवाचं दर्शन घेतलं, आणि ते दर्शन घेऊन माणसाच्या दारात गेले. पंढरीला येऊन डोळे भरून विठ्ठल बघायचा, तो एवढ्यासाठी की घरी गेल्यावर दारात उभ्या असलेल्या माणसात तो ओळखू यावा.

तेव्हा शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. उद्या काला होईल. तुम्ही प्रदक्षिणेच्या वाटेवर प्रसाद घ्याल. चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीची माळ. घरच्यांसाठी घ्याल, शेजाऱ्यांसाठी घ्याल. या वेळी एक पुडी जास्त घ्या. ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्याच्या नावाची. घरी जाऊन कोनाड्यात ठेवू नका, बत्ताशाला मुंग्या लागतात. पोचलात की चप्पल न काढता तशीच ती त्याच्या दारात घेऊन जा. काय बोलावं सुचलं नाही, तर एवढंच विचारा: जेवलास का?

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम! नामदेवराय महाराज की जय! पंढरीनाथ महाराज की जय!